केबीसी बघताना, आणि केबीसीचा फोन आल्यावर

ताईंनो, सासू-सुनांच्या मालिका बघून कंटाळा आला असेल तर रिअ‍ॅलिटी शो बघायला मजा येते. 'होम मिनिस्टर' चालू होता तेव्हा पैठणी कोणाला मिळणार यावर गटाच्या बैठकीत हप्त्यापेक्षा जास्त चर्चा व्हायची! पण घरात सगळ्यांनी मिळून बघावा असा एकच सांगा म्हणाल, तर मी 'कौन बनेगा करोडपती' सांगेन, म्हणजे आपला केबीसी. हिंदी असला तरी पोरं शेजारी बसली की अडत नाही. उलट आधी उत्तर कोण देतं याची चुरस लागते.

खेळ २००० सालापासूनचा. एक प्रश्न, चार पर्याय. उत्तर बरोबर आलं की रक्कम वाढते. येत नसेल तर खेळ सोडून जमलेले पैसे घेऊन जाता येतं. चुकलं तर मात्र थेट मागच्या पडावावर खाली! मला हीच वेळ बघायला सगळ्यात आवडते. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई, एक कोटी जिंकल्या. पुढचा प्रश्न सात कोटींचा होता. त्यांनी तिथे खेळ सोडला आणि जिंकलेलं राखलं. घरच्यांना विचारून बघा, तुम्ही थांबला असता का? आमच्या एका गटात यावर अर्धा तास वाद झाला, कर्जाचा विषय राहूनच गेला.

आता जरा कामाचं. कोटी जिंकले म्हणजे पूर्ण कोटी हातात येत नाहीत. अशा बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्के आयकर बसतो आणि तो पैसे देण्याआधीच कापून घेतात. म्हणजे जिंकणाऱ्याला 'आधी टॅक्स भरा, मग बक्षीस देतो' असं कोणी म्हणत नाही.

आणि नेमकं हेच म्हणणारे फोन गावोगाव येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर अमिताभ बच्चन यांचा फोटो, 'तुमच्या नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली' असा मेसेज, सोबत बोललेली क्लिप. बऱ्याचदा नंबर +९२ ने सुरू होतो, तो पाकिस्तानचा कोड आहे. आधी थोडी 'प्रोसेसिंग फी' मागतात, ती भरली की जीएसटी, मग आणखी काही. बाई आधी घरातले देते, मग उसने, आणि मग गटाकडे अर्ज येतो. कारण विचारलं तर 'घरची अडचण'. सचिव ताईंनी अशा वेळी जरा खोदून विचारावं, राग आला तरी चालेल.

केबीसीत पैसे खुर्चीवर बसून, उत्तरं देऊनच मिळतात. मोबाईल नंबरला लॉटरी लागत नाही.

कोणी पैसे पाठवले असतील तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मेसेज पुसू नका, तोच पुरावा आहे. फोन करायला जमत नसेल तर मोबाईल घेऊन सीआरपी ताईंकडे जा, पण त्याच दिवशी.