पोराचं चुकलं तरी पोराला गमावू नका

रेणापूरच्या एखाद्या वस्तीत आई रोजाने गेलेली असते, बाप लातूरला बिगारीवर. दुपारी कोणी धावत येऊन सांगतो, "तुमच्या पोराला शाळेतून पोलिसांनी नेलं." भांडण मधल्या सुट्टीतलं, एकाचं डोकं फुटलेलं. आई-बाप घाबरतात, पोराला चार तडाखे देतात आणि समोर येईल त्या कागदावर सही-अंगठा करतात. घात इथेच होतो.

बाल न्याय अधिनियम, 2015 हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्यानुसार 18 वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांत किमान एक स्त्री असावी लागते.

याहून मोठी गोष्ट 2016 च्या नियमांत आहे. आरोप साध्या हाणामारीचा किंवा किरकोळ चोरीचा असेल तर मुलावर एफआयआर नोंदवायचाच नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्यायचा. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला अतिगंभीर गुन्हा, किंवा मोठ्या माणसांसोबत केल्याचा आरोप, एवढेच अपवाद.

हा दुसरा अपवाद आपल्या समाजाने नीट ध्यानात घ्यावा. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, मग वस्त्यांत धरपकड. अटकेतील कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. निषेध हा आपला हक्कच आहे. पण दगडफेकीच्या गर्दीत शाळकरी पोर सापडलं, तर मोठ्यांबरोबर त्याचंही नाव एफआयआरमध्ये जाऊ शकतं. पोरांना सभेला न्या, गर्दीत एकटं सोडू नका.

प्रसंग आलाच तर काय करावे?

पहिले, शाळेचा जन्मतारखेचा दाखला घेऊन जा. वय सिद्ध झाले की अर्धी लढाई जिंकली. दुसरे, ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. चौकशीच्या वेळी आई-बापाला जवळ बसता येते. मुलाची जबाबावर सही घेता येत नाही. तिसरे, वकिलासाठी कर्ज काढू नका. बालकांना आणि अनुसूचित जातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

गुरुजनांनाही हात जोडून विनंती. मधल्या सुट्टीतलं भांडण वर्गात मिटतं. दोघांच्या पालकांना बोलवा, पोरांना समोरासमोर बसवा. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाचं नाव शाळेतून काढता येत नाही. नाव काढलेलं पोर कुठे जातं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अंगुलिमालाची कथा घेतली आहे.  तथागत एकटेच त्याच्याकडे गेले आणि त्याला माणूस केले. आपलं पोर तर अंगुलिमाल नाही, फक्त चुकलेलं आहे. विहारात रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा, हा कायदा वाचून दाखवा. ज्याच्या दारात उद्या निरोप येईल, त्याच्यासोबत ठाण्यात जाणारी दोन शहाणी माणसं आजच ठरवा.

जय भीम!