नळाला पाणी नसते तेव्हा

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात पहिली गर्दी सर्दी-तापाची नसते, जुलाब-उलट्यांची असते. वडीगोद्रीत मी तीस वर्षांपासून प्रॅक्टिस करतो. धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे अंबड तालुक्यातले गाव. आजूबाजूच्या खेड्यांतले, वाड्या-वस्त्यांवरचे पेशंट इथेच येतात. कोणत्या गावचा, कोणत्या गल्लीतला पेशंट आला हे मी एका डायरीत लिहून ठेवतो. ही सवय मला घाटीत शिकत असताना एका सरांनी लावली. एका आठवड्यात एकाच गल्लीतले पाच-सहा जण जुलाबाचे आले की समजावे, दोष शिळ्या भज्यांचा नाही, पाण्याचा आहे.

काही वर्षांपूर्वी असेच झाले. गावाचे नाव सांगत नाही, कारण जे तिथे घडले ते आपल्या भागात कुठेही घडू शकते. जूनच्या शेवटी तिथली लहान मुले यायला लागली. उलट्या, पाण्यासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले. ओ.आर.एस. आणि झिंकवर बहुतेक बरी झाली, दोघा-तिघांना सलाइन लावावे लागले. आठ-दहा दिवसांत साथ ओसरली. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि खरे सांगायचे तर मीही टाकला. चूक तिथेच झाली.

पाच आठवड्यांनी त्याच गावातून काविळीचे पेशंट सुरू झाले. त्यातली एक सुनबाई सात महिन्यांची गरोदर होती. सासू घेऊन आली, तेव्हा बाईला नीट बसवत नव्हते.

“कधीपासून आहे, आजी?” मी विचारले.

“झाले की धा-बारा दिवस. माळ घातली होती, सायब. माळ लांबत चालली होती, मंग म्हनलं उतरायली कावीळ.”

गळ्यात खरोखरच माळ होती. बाई झोपेत असल्यासारखी बोलत होती, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत होती. ही लक्षणे म्हणजे विष मेंदूपर्यंत पोचल्याची खूण. मी चिठ्ठी दिली आणि तिला तातडीने तेव्हाच्या औरंगाबादला घाटीत पाठवले. बाई वाचली. बाळ गेले.

काविळीचे अनेक प्रकार आहेत. दूषित पाण्यातून येणारे मुख्यतः दोन, ‘अ’ आणि ‘ई’. ‘अ’ प्रकार आपल्याकडे बहुधा लहानपणीच होऊन जातो. ‘ई’ प्रकार तरुण माणसाला होतो आणि बहुतेकांत विश्रांतीने आपोआप बरा होतो. म्हणूनच माळ घालणाऱ्याचे आणि नाकात थेंब सोडणाऱ्याचे नाव होते. मात्र गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर चार-पाचांतली एक दगावू शकते. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की एक दिवसही घरी काढू नये. माळ घालायचीच असेल तर दवाखान्यात जाऊन घाला, मी हरकत घेणार नाही.

या काविळीचे जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते नऊ आठवडे जातात. जुलाबाचे जंतू मात्र काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांतच आपला प्रताप दाखवतात. म्हणजे एकच घाण पाण्यात गेली, तर तिचे पहिले बिल त्याच आठवड्यात येते आणि दुसरे महिना-दीड महिन्याने. जुलाबाची साथ संपली तेव्हाच मी त्या गावात जाऊन पाणी पाहायला हवे होते. गेलो तो कावीळ आल्यावर, एका रविवारी.

ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी बरोबर होता. साधा, कामसू माणूस. “सायब, मी टाकीत पावडर टाकतोच. रजिस्टर बघा पाहिजे तर.” रजिस्टर बरोबर होते. टाकीच्या पाण्याची ओ.टी. तपासणी केली. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते, इतकी ती सोपी तपासणी आहे. टाकीच्या पाण्याला छान पिवळा रंग आला. मग पाणी सोडले आणि ज्या गल्लीत पेशंट होते तिथल्या शेवटच्या नळाचे पाणी घेतले. रंग आला नाही. टाकीतला क्लोरीन नळापर्यंत पोचेस्तोवर कुणीतरी खाऊन टाकला होता. वाटेत घाण मिसळली की क्लोरीन तिच्याशी झगडण्यातच संपतो.

आम्ही पाइपलाइनच्या कडेने चालत निघालो. त्या दोन तासांत जे पाहिले ते आज सांगायचे आहे.

गावाला आठ दिवसांनी एकदा पाणी सुटत होते, तेही तासभर. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १६७ तास पाइप रिकामा. आपण सगळे चिंता करतो ती पाणी येते त्या तासाची. आजार मात्र बाकीच्या १६७ तासांत तयार होतो. पाइपात दाब असतो तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर उडते, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होत जातो, आतला दाब कमी होतो, आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर काय आहे यावर मग सगळे अवलंबून. त्या गल्लीत पाइप थेट गटारातून गेला होता. जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, ती सुटलेली.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. या ताणाताणीत पाइपाचे जोड हलतात, निखळतात. पहिल्या पावसात जुलाबाची साथ का येते, याचे निम्मे उत्तर इथे आहे. भेगांतून वरचे पाणी खाली उतरते, गटारे भरून वाहतात आणि उन्हाळ्यात सुटलेला जोड त्यात बुडालेला असतो.

पुढे व्हॉल्व्हचा खड्डा होता. झाकण नाही, आत गुडघाभर पाणी, पाण्यात एक चप्पल आणि गुटख्याच्या पुड्या. व्हॉल्व्ह त्या पाण्यात बुडालेला, आणि गळका.

घरोघरचे नळ तर आणखी निराळे. दाब कमी म्हणून लोकांनी अंगणात कंबरभर खड्डे खणून नळ खाली नेलेले. बाया त्या खड्ड्यात उतरून घागर भरतात. अनवाणी पाय, सांडलेले पाणी, लेकराचे धुतलेले लंगोट, शेळीच्या लेंड्या, सगळे त्या खड्ड्यात. नळाला तोटी नाही. पाणी गेले की खड्ड्यातले पाणी उघड्या नळाच्या तोंडातून उलटे पाइपात शिरते आणि आठ दिवसांनी शेजाऱ्याच्या हंड्यात येते. काही घरी तर नळालाच मोटार जोडलेली. मोटार पाणी ओढते, तशी गळतीच्या जागची घाणही ओढते. ज्याच्या घरी मोटार आहे त्याला पाणी जास्त मिळते आणि पुढच्या दहा घरांना गटार.

“पहिली घागर गढूळच येते, ती आम्ही सांडून देतो,” एक मावशी म्हणाल्या. त्यांना सगळे ठाऊक होते. जंतू मात्र पहिल्या घागरीबरोबर संपत नाहीत.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी पेशंटची घरे नकाशावर मांडली, सगळी बोटे एका हातपंपाकडे वळली, आणि त्या पंपाचा दांडा काढून टाकला गेला. त्या काळी जंतूंची कल्पनाही फारशी कुणाला नव्हती. आमच्या त्या गावात दांडा काढण्याची गरज नव्हती, तोट्या बसवायच्या होत्या.

पाण्याची रचना सुधारली तर काय होते याचा माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला दाखला म्हणजे नारू. लहानपणी आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या पायातून नारूचा दोरा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढताना मी पाहिला आहे. महिना-महिना माणूस खाटेवर. या रोगावर ना औषध होते ना लस. नारूचा पेशंट पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात, आणि तेच पाणी गाव पीत असे. १९८३-८४ पासून देशभर मोहीम निघाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून कठड्याच्या केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळायला शिकवले. महाराष्ट्रही नारूच्या राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा पेशंट जुलै १९९६ मध्ये सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. आज माझ्याकडे येणाऱ्या तरुण डॉक्टरांनी नारू फक्त पुस्तकात पाहिलेला आहे.

‘ही खेड्याची रडगाणी’ असे शहरातल्या वाचकाने म्हणू नये. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी यमुनेतल्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन घातलेला असूनही. ती ‘ई’ प्रकारची होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात हातपाय लुळे पडण्याच्या जीबीएस आजाराची साथ आली, तेव्हाही बोट पाण्याकडेच गेले.

आता संडासांबद्दल. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत १२ हजारांचे अनुदान मिळाले आणि घरोघर संडास झाले, ही मोठीच गोष्ट. पहाटे हायवेच्या कडेला ट्रकच्या उजेडात उठून उभ्या राहणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पण खड्डा कुठे खणला, हे कुणी पाहिले? दोन खड्ड्यांचा शोषखड्ड्याचा संडास सर्वांत चांगला. एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आत निव्वळ खत होते, वास नाही, जंतू नाहीत. मात्र विहीर, बोअर किंवा हातपंपापासून तो निदान ५० फूट दूर हवा. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आणि फुटका खडक आहे. खडकाच्या फटीतून पाणी गाळले जात नाही, सरळ धावते. त्यात आपल्या भागातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. कालव्याला पाणी सुटले की जवळच्या विहिरींची पातळी वर येते. शेतकऱ्याला आनंद होतो, पण खोल खणलेल्या शोषखड्ड्याचा तळ त्याच पाण्याला जाऊन टेकतो. कालव्याकाठच्या गावांनी खड्डा उथळ आणि रुंद करावा. सेप्टिक टाकी असेल तर तिचे पाणी उघड्या गटारात सोडू नये. त्या गल्लीतल्या गटारात तीन घरांच्या सेप्टिक टाक्यांचे पाणी येत होते. तिथूनच पाइप गेला होता.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर, नळाने, हे त्याचे माप. बऱ्याच गावांत नवे पाइप आले. पण पाइप टाकणे हे एकदाचे काम आहे, सांभाळणे रोजचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. तुमच्या गावात तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारता येते. आरोग्य खाते वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावाच्या पाण्याची पाहणी करून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. तुमच्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हेही विचारा. आणि टी.सी.एल. पावडरचे पोते उघडे, ओलीत ठेवले असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग टाकीत टाकतो तो नुसता चुना.

घरी काय करावे? पावसाळ्याचे दोन महिने तरी पाणी उकळून प्यावे. माठात हात बुडवू नये, ओगराळे ठेवावे. जुलाब सुरू झाल्यास दवाखान्याची वाट न पाहता एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. मूल अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नये. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखर-पाण्याने पटकीचे असंख्य पेशंट वाचवले. लघवी कमी झाली, मूल सुस्त पडले किंवा जुलाबातून रक्त आले, तर मात्र थांबू नये.

त्या गावाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. ग्रामसेवक आणि सरपंच दोघेही समजूतदार निघाले. गटारातला पाइप उचलून दुसऱ्या बाजूने नेला, व्हॉल्व्हच्या खड्ड्याला फरशीचे झाकण बसले, बहुतेक नळांना तोट्या आल्या. पाणी आता चार दिवसांनी येते. तो कर्मचारी शेवटच्या नळाचे पाणी स्वतःहून तपासतो आणि ओ.टी.चे औषध संपले की मला फोन करतो. पुढच्या पावसाळ्यात माझ्या डायरीत त्या गल्लीतले दोनच पेशंट होते. ती सुनबाई परवा आली होती, धाकट्या मुलीला खोकला होता म्हणून.

मोटारी मात्र अजून तीन घरी आहेत. त्यातली एक सरपंचांच्या चुलतभावाची, असे म्हणतात.