मोटारसायकलवरील दीर्घ प्रवास आणि पायदानाची निवड : पोखर्णी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

परभणी–गंगाखेड मार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. अनेक कुटुंबांचे हे कुलदैवत असून वैशाख शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे नृसिंह जयंतीस, येथे भाविकांची गर्दी होते. परभणी–परळी लोहमार्गावरील येथील स्थानकाचे नावही ‘पोखर्णी नृसिंह’ असेच आहे. तथापि रेल्वे व एस.टी.च्या वेळा प्रत्येकाच्या सोयीच्या असतातच असे नाही. म्हणून परभणीची बाजारपेठ, महाविद्यालय, दवाखाना व कचेरी यांच्यासाठी परिसरातील कुटुंबांचे मुख्य साधन मोटारसायकल हेच झाले आहे. पोखर्णीचे दर्शन घेऊन पुढे गंगाखेडला गोदास्नान व परळीला वैद्यनाथाचे दर्शन, असा साठ-सत्तर किलोमीटरांचा व परतीचा तेवढाच प्रवास अनेक जोडपी एका दिवसात मोटारसायकलवर करतात.

अशा प्रवासानंतर गुडघे आखडणे, तळव्यांना मुंग्या येणे, कंबर धरणे या तक्रारी सर्रास ऐकू येतात. त्यांचा दोष सीटला किंवा रस्त्याला दिला जातो. पायदानाचा, म्हणजे बोलीभाषेतील ‘फुटरेस’चा, विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात पायदान व टाचेचा आधार यांचे कार्य, त्यांच्या निवडीचे निकष आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

१. पायदानाचे कार्य :

मोटारसायकलस्वाराचे शरीर सीट, हँडल व पायदान या तीन ठिकाणी टेकलेले असते. यांतील एक आधार चुकीच्या जागी असला की त्याचा भार उरलेल्या दोहोंवर पडतो. पाय नीट टेकले नाहीत तर सर्व वजन माकडहाडावर येते, शरीर पुढे सरकते आणि मनगटे आखडतात.

१९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरला पाय ठेवण्यास सपाट पत्रा होता. स्वार आपले पाऊल पुढे-मागे करून पायांस विसावा देऊ शके. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. पुढील काळात मराठवाड्याच्या खेड्यांत स्कूटरची जागा क्रमाने मोटारसायकलने घेतली. मोटारसायकलवर मात्र पाऊल एका आडव्या दांड्यावर, एकाच जागी स्थिर राहते. म्हणूनच तो दांडा कोठे आहे, किती रुंद आहे व कशाचा आहे, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

२. पायदानाची जागा व गुडघ्याचा कोन :

दीर्घ प्रवासात गुडघा काटकोनापेक्षा थोडा अधिक उघडा असावा. गुडघा फार दुमडल्यास त्यामागील भागावर दाब येतो. शिवाय पोटरीचे स्नायू हालचालीअभावी रक्त वर ढकलण्याचे आपले काम नीट करू शकत नाहीत. एक साधे गणित पाहू. मांडीची लांबी ४२ सें.मी. व गुडघ्यापासून तळव्यापर्यंतची लांबी ४४ सें.मी. असलेल्या स्वाराच्या कमरेच्या सांध्यापासून पायदानाचे सरळ अंतर ६० सें.मी. असेल, तर गुडघ्याचा कोन सुमारे ८८ अंश होतो. हेच अंतर ६३ सें.मी. झाल्यास कोन सुमारे ९४ अंशांपर्यंत उघडतो. अर्थात दर सेंटिमीटरला जवळपास दोन अंश. उंच व्यक्तीस ३ सें.मी.चा फरकही दिलासा का देतो, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु पायदान खाली घेण्यास मर्यादा आहेत. वळणावर गाडी कलते तेव्हा पायदानाचे टोक जमिनीजवळ येते. उदाहरणादाखल, टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ३५ सें.मी. बाहेर व जमिनीपासून २८ सें.मी. उंच असल्यास ते ढोबळमानाने ३८ ते ३९ अंश कलल्यावर जमिनीस टेकेल. ते ३ सें.मी. खाली घेतल्यास ही मर्यादा ३५ ते ३६ अंशांवर येते. दोन माणसांच्या वजनाने गाडी दबते तेव्हा ती आणखी घटते. शेतरस्त्यावर बैलगाडीच्या चाकोरीत गाडी उतरली की खाली घेतलेले पायदान काठावर आदळण्याचा धोका वेगळाच. यासाठी अडथळ्यास लागताच वर-मागे दुमडणारे स्प्रिंगचे पायदान असावे. घट्ट वेल्डिंग केलेला दांडा अशा वेळी गाडी उलटवू शकतो.

३. रुंदी, रबर व दाते :

खड्डा किंवा गतिरोधक येताच अनुभवी स्वार सीटवरून किंचित उठतो. तेव्हा ७० किलो वजनाच्या व्यक्तीचे प्रत्येकी ३५ किलो दोन्ही पायदानांवर येतात. पाऊल ९ सें.मी. रुंद व पायदान ३ सें.मी. रुंद मानल्यास तळव्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.३ किलो दाब पडतो. पायदान ५ सें.मी. रुंद असल्यास तो ०.८ किलोपर्यंत उतरतो. पातळ तळाची चप्पल घालून गाडी चालवणाऱ्यास हा फरक विशेष जाणवतो.

दुसरा प्रश्न कंपनांचा. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पायदानास सेकंदाला १०० वेळा हादरा पोहोचतो. तळव्यांच्या मुंग्यांचे हे एक प्रमुख कारण होय. जाड रबर ही कंपने बरीच शोषून घेते. रबर झिजून आतील लोखंड दिसू लागल्यावरही वर्षानुवर्षे तसेच चालवणे म्हणजे अल्प खर्च वाचवून पायांस शिक्षा देणे होय.

रबराचा दोष पावसाळ्यात प्रकट होतो. परभणी जिल्ह्यातील काळी चिकणमाती चपलेस चिकटून येते, रबराच्या खाचांत भरते आणि पायदान निसरडे होते. ॲल्युमिनियमची दातेरी पायदाने चिखलात पकड देतात. परंतु ती कंपने जशीच्या तशी पोहोचवतात, चपलेचा तळ खातात व उघड्या घोट्यास इजा करतात. ती बुटासाठी आहेत. चप्पल व बूट दोन्ही वापरणाऱ्या ग्रामीण स्वारास खोल खाचांचे रुंद रबरी पायदान अधिक योग्य. मात्र पावसाळ्यात निघण्यापूर्वी काडीने त्या खाचा साफ करण्याची सवय हवी.

४. टाचेचा आधार :

पायदान पावलाच्या मध्यास आधार देते, टाच मात्र अधांतरी राहते. लांब प्रवासात ती खाली लोंबू लागली की पोटरी ताणली जाते. टाचेमागे किंवा आतील बाजूस बसवलेली पट्टी दोन कामे करते : पावलाची दिशा स्थिर ठेवते आणि टाच साखळी, चाक किंवा तापलेल्या सायलेन्सरकडे जाऊ देत नाही. तथापि टाच व पंजा दोहोंनी चालणारी गियरची दुहेरी पट्टी असलेल्या गाडीत टाचेस मागे दाबण्यासाठी मोकळी जागा लागते. तेथे उंच आधार बसवल्यास गियर अडतो.

५. लेगगार्डवर पाय ठेवण्याची सवय :

पाय आखडले की पुष्कळजण ते लेगगार्डवर लांब करतात. आराम मिळतो हे खरे. पण त्या वेळी उजवा पाय ब्रेकपासून व डावा पाय गियरपासून दूर असतो. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते. पाय परत आणण्यात एकच सेकंद गेला, तरी मागचा ब्रेक लागण्यापूर्वी तेवढे अंतर संपलेले असते. ऊसाची ट्रॉली किंवा मोकाट जनावर अचानक आडवे आल्यास हे अंतर प्राणघातक ठरू शकते. पाय आखडणे ही थांबण्याची सूचना आहे. तासाभराने गाडी बाजूस घेऊन पाच मिनिटे चालणे हा कोणत्याही जोडपट्टीपेक्षा खात्रीचा व बिनखर्चाचा उपाय आहे.

६. मागे बसणाऱ्या व्यक्तीचा विचार :

पायदानाची चर्चा बहुधा चालकापुरती राहते. वस्तुतः देवदर्शनास जाणाऱ्या गाडीवर मागे बसलेली स्त्री ही अधिक गैरसोय सोसत असते. लुगडे वा साडी नेसून एकाच बाजूस बसल्यावर दोन्ही पाय डावीकडे येतात आणि एका लहान पायदानावर दोन पावले मावत नाहीत. गुडघ्याखालील दोन्ही पायांचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे एक-अष्टमांश असते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हा साडेसहा-सात किलोंचा भार एका बाजूस लोंबत राहतो व तिला सीटवरून खाली ओढतो. साडीगार्डला जोडलेली आडवी पट्टी हा भार पेलते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटारसायकलवर मागील व्यक्तीसाठी कायमस्वरूपी हातधरणी, पायदान आणि वस्त्रे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण असणे आवश्यक आहे. असे असताना गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून नवी गाडी घरी येताच साडीगार्ड काढून टाकण्याची प्रथा तरुणांत आढळते. त्यांच्या मागे पुढे आईच बसणार असते, याचे भान या हौसेत राहत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. मुलांचे पाय पायदानापर्यंत पोहोचत नाहीत. ते चाकाशेजारी लोंबतात. चाकाच्या आऱ्यांत टाच अडकून होणाऱ्या जखमा अस्थिरोगतज्ज्ञांच्या परिचयाच्या आहेत. त्यांत टाचेची कातडी व मागील शिर दुखावते आणि जखम भरण्यास दीर्घकाळ लागतो. चाकाचे आवरण व टाचेची पट्टी यांचा खरा उपयोग येथे आहे.

७. निवड व जोडणी :

(अ) प्रथम गाडी स्टँडवर लावून नेहमीच्या पादत्राणांसह बसावे व गुडघ्याचा कोन दुसऱ्या व्यक्तीकडून बाजूने पाहून घ्यावा.
(आ) मूळ छिद्रांत बसणारेच पायदान घ्यावे. चौकट कापू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांस मनाई करते.
(इ) पायदानाची जागा बदलल्यास ब्रेकचे पेडल व गियरची पट्टी पुन्हा जुळवावी. पेडलची मोकळी चाल गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. १०० सीसीच्या ड्रमब्रेक गाड्यांत ती साधारणतः २० ते ३० मि.मी. असते. मागील दिवा ब्रेकबरोबर लागतो की नाही, हेही पाहावे.
(ई) पहिल्या प्रवासानंतर नट-बोल्ट पुन्हा आवळावेत.
(उ) मागील व्यक्तीस प्रत्यक्ष बसवून तिचे दोन्ही पाय टेकतात की नाही, हे तिलाच विचारावे.

समारोप :

पायदान हा मोटारसायकलचा दुर्लक्षित व तुलनेने स्वस्त भाग आहे. परंतु शरीराचा एक-तृतीयांश आधार त्याच्याकडे आहे. त्याची निवड चकाकीवरून न करता गुडघा, पादत्राण, रस्ता व ब्रेकपर्यंतची पोहोच यांवरून व्हावी. दुचाकीवर दोघे बसत असतील तर चारही पायांचा विचार झाला पाहिजे. पोखर्णीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या वृद्ध मातेस घरी उतरताना कोणाचा हात धरावा न लागणे, हीच पायदानाच्या योग्य निवडीची कसोटी होय.