बंगल्यामागचा तलाव: आधी खोली ठरवा

बंगल्याच्या आवारात पोहण्याचा तलाव बांधायचा म्हटलं की चर्चा टाइल्सच्या रंगापासून सुरू होते. माझ्या मते पहिला निर्णय खोलीचा हवा, आणि घरच्या तलावाला १.२ मीटर, म्हणजे जेमतेम चार फूट, पुरेसे आहेत. हिशेब बघा: ८ बाय ४ मीटरच्या तलावात एवढ्या खोलीला ३८,४०० लिटर पाणी लागतं, खोली १.८ मीटर केली की ५७,६०० लिटर, थेट दीडपट. खोदाई आणि फिल्टरवरचा भारही त्याच मापानं वाढतो. एवढ्यात पोहता येईल? आरामात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही, उडीचे ठोकळे नसतील तिथे, किमान १ मीटर खोली चालते. सूर मारता येणार नाही हे खरं. पण सूर मारायला १.८ मीटरही धोक्याचेच. मधली खोली उगाच भरवसा देते.

दुसरं कारण जमिनीखाली आहे. अलिबागसारख्या किनारी भागात पावसाळ्यात भूजल वर येतं आणि रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाऊ शकते. टाकी जितकी खोल, तितका हा दाब जास्त. म्हणून तळाखाली खडीचा थर आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, आणि भर पावसात तलाव रिकामा करू नये. उथळ पाणी लवकर तापतं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. उन्हानं क्लोरीनही उडतो. त्यावर उपाय आच्छादनाचा: दिवसा तलाव झाकला की क्लोरीन टिकतो, बाष्पीभवन घटतं. फक्त ते अपारदर्शक घ्या. पारदर्शक आच्छादनाखाली पाणी आणखी तापतं.