कमी गुण आणि दुसरा अर्ज

परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचें शिक्षण हा विषय आतां आपणांस परका राहिलेला नाहीं. ज्या घरचा एखादा पुतण्या, भाची किंवा नातू अमेरिकेंत शिकत नाहीं, असें सुशिक्षित घर पुण्या-मुंबईकडे शोधूनच काढावें लागेल. त्या मुलांपैकीं कित्येकांस डॉक्टर व्हावयाचें असतें, आणि त्यांतल्या पुष्कळांस पहिल्या खेपेस प्रवेश मिळत नाहीं. ही बातमी इकडे येऊन पोंचली म्हणजे घरांत जी चर्चा होते, तिचा सूर बहुधा ठरलेला असतो. काका म्हणतात, "पुन्हां परीक्षा द्यावी; त्यांत काय एवढें!" आत्या विचारते, "तें ऑस्टिओपॅथी कीं काय म्हणतात, तें खरें डॉक्टरकीचें शिक्षण आहे ना?" आजी कांहीं न बोलतां देवापाशीं दिवा लावते. तिघांचाही हेतु शुद्ध असतो. परंतु काकांचा सल्ला तिकडे लागू पडत नाहीं, आत्याची शंका निराधार आहे, आणि या दोहोंचा त्या दूर असलेल्या मुलाच्या मनावर होणारा परिणाम मात्र खरा असतो. म्हणून या विषयाची नीट माहिती घरांतील वडील मंडळींस असावी, असें आम्हांस वाटतें.

दोन पदव्या, एकच व्यवसाय

प्रथम आत्याच्या शंकेचा विचार करूं. अमेरिकेंत पूर्ण वैद्य होण्याच्या दोन पदव्या आहेत : एक एम्. डी. आणि दुसरी डी. ओ. दोहोंसाठीं आधीं महाविद्यालयांतील पदवी, मग चार वर्षें वैद्यकीय विद्यालय, आणि त्यानंतर रुग्णालयांत काही वर्षांची निवासी उमेदवारी, हाच क्रम आहे. डी. ओ. झालेला डॉक्टर औषधें लिहून देतो, शस्त्रक्रिया करितो, हृदयरोगाचा किंवा मनोविकारांचा तज्ज्ञही होऊं शकतो. भेद इतकाच कीं, स्नायु, सांधे व पाठीचा कणा हातांनीं चाचपून उपचार करण्याची विद्या त्यास सुमारे दोनशें तास अधिक शिकविली जाते. इंग्लंडांत ज्यास ऑस्टिओपॅथ म्हणतात, तो मात्र निराळा. तो केवळ हस्तोपचार करणारा असतो. नांव एक व अर्थ दोन, यामुळेंच आपल्याकडे घोंटाळा होतो.

या पंथाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन वैद्याचीं तीन मुलें १८६४ सालीं मेंदूज्वरानें दगावलीं. त्या काळचीं औषधें त्यांना वाचवूं शकलीं नाहींत, तेव्हां प्रचलित वैद्यकावरील त्याचा विश्वास उडाला, व १८७४ सालीं त्यानें आपलें नवें मत जाहीर केलें. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथून १८८६ सालीं वैद्यकीची पदवी घेऊन निघाल्या. त्यानंतर सहा वर्षांनीं, म्हणजे १८९२ सालीं, स्टिलनें मिझूरी संस्थानांतील कर्क्सव्हिल या लहानशा गांवीं पहिलें ऑस्टिओपॅथिक विद्यालय काढलें. त्याच्या पहिल्याच वर्गांत स्त्रियांसही प्रवेश होता.

पुढें या विद्यालयांच्या वांट्यास दीर्घकाळ उपेक्षा आली. १९१० सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय शिक्षणाची जी प्रसिद्ध पाहणी झाली, तिच्यांत त्यांवर कठोर टीका झाली. त्यांनीं ती टीका मनांत ठेवून अभ्यासक्रम सुधारले. तरीही दोन्ही महायुद्धांत डी. ओ. डॉक्टरांस लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक मिळाली नाहीं. तो दरवाजा १९६६ सालीं उघडला. १९६२ सालीं कॅलिफोर्नियांत तर सुमारे दोन हजार डी. ओ. डॉक्टरांनीं ६५ डॉलर भरून एम्. डी. ही अक्षरें नांवापुढें लाविलीं, आणि नव्या डी. ओं.स तेथें परवाने देणें बंद झालें. तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क १९७४ सालीं परत दिला. तत्पूर्वीं, १९७३ पर्यंत, पन्नासही संस्थानांत डी. ओं.स पूर्ण व्यवसायाची मुभा मिळालेली होती. १ जुलै २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या उमेदवारीची व्यवस्था एकाच मंडळाखालीं आली. आज अमेरिकेंतील वैद्यकीय विद्यार्थ्यांत चारांमागें एकाहून अधिक डी. ओ. च्या विद्यालयांत शिकत आहे. २०२४ सालीं या विद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या उमेदवारांपैकीं शंभरांत नव्वदांहून अधिकांस उमेदवारीची जागा मिळाली. परदेशांतील विद्यालयांत शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांत हें प्रमाण शंभरांत सदुसष्टांच्या आसपास होतें. कमी गुणांमुळें निराश होऊन कॅरिबियन बेटांवरील विद्यालयाची वाट धरणाऱ्यानें हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.

जुने गुण पुसले जात नाहींत

आतां काकांच्या सल्ल्याकडे वळूं. आपल्याकडे वैद्यकीय प्रवेश 'नीट' या एका परीक्षेवर ठरतो. एका वर्षीं गुण कमी पडले, तर मुलगा घरीं बसून पुन्हां अभ्यास करितो, आणि नव्या वर्षींचे गुण जुन्यांस गिळून टाकतात. मागें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथेंही 'एमकॅट' नांवाची प्रवेशपरीक्षा आहे, पण तिच्या जोडीला महाविद्यालयांतील प्रत्येक वर्षाच्या प्रत्येक विषयाची श्रेणी तपासली जाते. 'ए' ला चार, 'बी' ला तीन, 'सी' ला दोन असे अंक धरून सरासरी काढतात. शास्त्रविषयांची सरासरी आणखी वेगळी काढतात. ऑस्टिओपॅथिक विद्यालयांत प्रवेश मिळविणाऱ्यांची सरासरी सुमारे ३.६ असते, व एमकॅटचे गुण ५०४ च्या आसपास. (ही परीक्षा ४७२ पासून ५२८ पर्यंत मोजली जाते, ५०० हा तिचा मध्य.) एम्. डी. च्या विद्यालयांत हेच आंकडे ३.८ व ५१२ यांच्या जवळपास जातात.

पूर्वीं ऑस्टिओपॅथिक विद्यालयांच्या सामाईक अर्जांत एक सवलत होती. नापास झालेला किंवा कमी श्रेणीचा विषय पुन्हां घेतला, तर फक्त शेवटची श्रेणी धरीत. २०१७ च्या प्रवेशचक्रापासून ती सवलत बंद झाली. आतां 'सी' मिळालेला विषय पुन्हां घेऊन 'ए' मिळविला, तरी दोन्ही श्रेणी सरासरींत धरतात. जुन्या सवलतीवर विसंबून दिलेले सल्ले अजूनही तोंडातोंडीं फिरतात. त्यांपासून सावध राहिलें पाहिजे.

याचा परिणाम काय होतो, तें आम्ही गणितानें दाखवितों. समजा, एका मुलीनें १२० श्रेयांकांचें शिक्षण पुरें केलें, आणि तिची सरासरी २.९ आली. पदवीनंतर तिनें वर्षभर कसून अभ्यास करून आणखी ३० श्रेयांक घेतले, आणि प्रत्येक विषयांत 'ए' मिळविला. मूळचे ३४८ अंक व नवे १२० मिळून ४६८. त्यांस १५० नीं भागलें म्हणजे ३.१२. वर्षभर एकही श्रेणी न गमावतां सरासरी पावअंकानेंही वाढली नाहीं! हा हिशेब पाहून पुष्कळ मुलें खचतात. पण ज्या कागदावर ही ३.१२ सरासरी छापलेली असते, त्याच कागदावर वर्षावर्षांची सरासरीही स्वतंत्र ओळींत असते, आणि पदवीनंतरच्या ओळींत त्या मुलीचे पुरे ४.० दिसतात. उत्तरपत्रिकांच्या राशी तपासलेल्या कोणाही शिक्षकास विचारा : आधीं चांगला असून पुढें घसरत गेलेला विद्यार्थी आणि आधीं अडखळून पुढें स्थिरावलेला विद्यार्थी, यांची बेरीज एक आली तरी तो दोघांस एक मानीत नाहीं. प्रवेश देणारेही मानीत नाहींत. मागचें पुसतां येत नाहीं, परंतु त्यापुढें काय लिहिलें हें वाचलें जातें.

मधलें वर्ष

म्हणून दुसऱ्या अर्जाविषयीं मुख्य गोष्ट ही कीं, तो पहिल्याची नक्कल असतां कामा नये. सामाईक अर्ज मे महिन्याच्या आरंभीं खुला होतो, आणि बहुतेक विद्यालयें आलेले अर्ज जसजसे येतील तसतसे पाहून जागा भरीत जातात. त्यामुळें नकार हातीं येतांच त्याच मे महिन्यांत घाईनें तोच अर्ज पुन्हां धाडण्याचा मोह होतो. पुष्कळ विद्यालयें पुन्हां अर्ज करणारास स्पष्ट विचारतात : मागील अर्जानंतर तुमच्यांत काय बदल झाला? या प्रश्नाला सांगण्याजोगें उत्तर नसेल, तर एक वर्ष थांबणें हेंच शहाणपणाचें.

तें वर्ष कसें घालवावें? पहिलें काम, गुण कां घसरले याचा प्रामाणिक शोध. आजारपण, घरची अडचण, पोटासाठीं केलेली नोकरी, कीं नुसती अभ्यासाची वाईट पद्धत? कारण सांपडल्यावांचून उपाय सांपडत नाहीं. रात्रपाळीची नोकरी करून गुण गमावलेल्या मुलानें तीच नोकरी चालू ठेवून नवे कठीण विषय घेतले, तर जुन्याच कागदाला नवा कागद जोडला जाईल, एवढेंच.

दुसरें काम, अभ्यास. पाया कच्चा राहिलेला विषय पुन्हां घ्यावा. बाकी जीवरसायन, शरीरक्रियाविज्ञान यांसारखे वरच्या पायरीचे विषय घेऊन पदवीनंतरची ओळ उजळावी. कांहीं विद्यापीठें अशा मुलांसाठीं एक-दोन वर्षांचे खास पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितात, व त्यांत वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय असतात. तेथें चांगलें यश आलें तर तें मोठें प्रमाणपत्र ठरतें. मात्र ते महाग असतात, पदव्युत्तर श्रेणींनीं पदवीची सरासरी वाढत नाहीं, आणि तेथेंही श्रेणी घसरल्या तर मागें फिरण्यास वाट उरत नाहीं. तयारी झाल्यावांचून त्यांत उडी घेऊं नये. एमकॅटचेंही तसेंच. ती परीक्षा जन्मांत सात वेळांच देतां येते, आणि आधींचे गुण झांकले जात नाहींत. "देऊन तर पाहूं" असें म्हणून ती देण्याची चाल तेथें उपयोगाची नाहीं.

तिसरें काम, रोग्यांचा सहवास. रुग्णालयांत किंवा वृद्धाश्रमांत नियमानें सेवा करावी, आणि एखाद्या डी. ओ. डॉक्टरच्या बरोबर राहून त्याचें काम पाहावें. त्या डॉक्टरचें शिफारसपत्र पुष्कळ विद्यालयें मागतात किंवा पसंत करितात. "एम्. डी. मिळालें नाहीं म्हणून इकडे आलों" हा भाव मुलाखतींत लपत नाहीं. ज्या विद्यालयांनीं शंभर वर्षें दुय्यम म्हणवून घेणें सोसलें, त्यांस आपणांस कोण नाइलाजानें वरीत आहे, हें चटकन् कळतें.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. अर्जांत शिकलेल्या प्रत्येक महाविद्यालयाचें नांव व तेथील गुणपत्रक द्यावें लागतें. एखाद्या उन्हाळ्यांत घेतलेला व नापास झालेला एकुलता एक विषयही वगळतां येत नाहीं. तो लपविला व पुढें उघडकीस आला, तर कमी गुणांची गोष्ट बाजूस राहून अप्रामाणिकपणाची गोष्ट सुरू होते. कमी गुणांस दुसरी संधि असते. अप्रामाणिकपणास क्वचितच असते. झालेल्या चुकीचें कारण दोन-तीन वाक्यांत, रडगाणें न गातां, सांगावें, आणि उरलेली जागा पुढें काय केलें यास द्यावी.

खर्चाचा हिशेब

या गोष्टींत भावनेइतकाच पैशाचाही विचार केला पाहिजे. ऑस्टिओपॅथिक विद्यालयांपैकीं बहुतेक खासगी आहेत. २०२५ सालीं झालेल्या कायद्यानें, १ जुलै २०२६ पासून वैद्यकासाठीं नव्यानें सरकारी कर्ज घेणारास वर्षास ५०,००० व एकंदर २,००,००० डॉलर ही मर्यादा घातली. चार वर्षांचा राहण्या-जेवण्यासह खर्च पुष्कळ ठिकाणीं याहून अधिक होतो. उरलेला पैसा कोठून येणार, हें आधींच ठरविलें पाहिजे. जो मुलगा तेथील नागरिक किंवा कायमचा रहिवासी नाहीं, त्याला तें सरकारी कर्ज सहसा मिळतच नाहीं, आणि परदेशी विद्यार्थ्यांस सर्वच विद्यालयें घेत नाहींत. घरांतील कर्त्या पुरुषानें ही चौकशी दुसऱ्या अर्जाच्या आधीं करावी. प्रवेशपत्र आल्यावर नव्हे. आणि दोन-तीन प्रयत्नांनंतरही दार उघडलें नाहीं, तर परिचर्या, औषधशास्त्र, सार्वजनिक आरोग्य हे मार्गही रोग्यांच्या सेवेचेच आहेत. ते स्वीकारणें म्हणजे हार मानणें नव्हे.

घरच्या मंडळींचें काम

एकत्र कुटुंबाचें बळ मोठें, आणि त्याचें ओझेंही मोठें. रविवारीं दूरध्वनि आला कीं तो आजोबांकडून काकूंकडे, काकूंकडून चुलतभावाकडे असा हातोहात फिरतो, आणि प्रत्येक जण विचारतो, "कोठून बोलावणें आलें का?" एकाच नकाराचें उत्तर त्या मुलास पांच वेळां द्यावें लागतें. त्याच्या बरोबरीचा कोण कोठें लागला, याची वार्ता वर सांगितली जाते. त्यांत कोणाचा दुष्टावा नसतो; पण असे चार रविवार गेले कीं तो पांचव्या रविवारीं दूरध्वनि करीत नाहीं, आणि आपण म्हणतों, मुलगा परका झाला.

त्याऐवजीं त्याला त्याच्या कामाविषयीं विचारावें. रुग्णालयांत या आठवड्यांत काय पाहिलेंस? जीवरसायन आतां कसें वाटतें? निजतोस कीं नाहीं वेळेवर? यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर प्रवेशसमितीच्या हातीं नाहीं. सगळीं त्याच्या स्वतःच्या हातचीं आहेत, आणि तीं देतांना त्याला मान खालीं घालावी लागत नाहीं. शेजारच्यांनीं चौकशी केलीच, तर "यंदा तयारी करीत आहे" एवढें सरळ सांगावें. तें खोटेंही नाहीं, आणि त्यांत लाजण्यासारखेंही कांहीं नाहीं. आजीनें दिवा खुशाल लावावा. त्या मुलास तो दिसत नसला, तरी आजीनें निकाल विचारला नाहीं, हें त्याच्या ध्यानांत राहतें.