हिटलरला लोणकढी थाप... आणि बायकोलाही!

१९४३चा जून महिना. लंडनच्या एका उपनगरातल्या साध्याशा घरात नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. बायकोला माहेरची ओढ लागली होती. वर्ष उलटून गेलं तरी आईचं तोंड दिसलं नव्हतं. इंग्रजी जेवण घशाखाली उतरत नव्हतं. मॅकरोनी आणि बटाटे खाऊन जीव विटला होता, मासळी पोटभर मिळत नव्हती. पदरी लहान मुलं, भाषा परकी आणि आपल्या देशाच्या माणसांत मिसळायची बंदी. नवरा सकाळी बाहेर पडायचा तो रात्री उगवायचा. तो काय करतो हे तिला ठाऊक होतं, पण त्याचा उच्चार कुणापाशी करायची सोय नव्हती!

असं भांडण कुठल्या घरात होत नाही? पण रागाच्या भरात या बाईने जी धमकी दिली, तिने ब्रिटिश हेरखात्याच्या बड्या साहेबांची झोप उडवली. आपल्याला स्पेनला पाठवलं नाही तर आपण थेट स्पॅनिश वकिलातीत जाऊन सगळं सांगून टाकू, असं तिने बजावलं. स्पेन कागदोपत्री तटस्थ होता, पण तिथल्या राजवटीचा ओढा जर्मनीकडे. लंडनच्या स्पॅनिश वकिलातीत फुटलेली बातमी बर्लिनला पोहोचायला कितीसा वेळ लागणार?

त्या बाईचं नाव आरासेली. नवरा हुआन पुजोल गार्सिया. जर्मनांच्या लेखी तो त्यांचा इंग्लंडमधला सर्वांत भरवशाचा हेर होता... आणि इंग्रजांचा सर्वांत मोठा हुकमी पत्ता!

हुआनचा जन्म १९१२ सालचा, बार्सिलोनाचा. वडिलांचा कापड रंगवण्याचा कारखाना, घरची सुस्थिती. पण या चिरंजीवांचं कशातच बस्तान बसेना. कुक्कुटपालनाचं रीतसर शिक्षण घेऊन कोंबड्या पाळून झाल्या, इतर उद्योग करून झाले. १९३६ला स्पेनमध्ये यादवी पेटली. त्यात तो आधी एका बाजूच्या सैन्यात होता, मग पळून दुसऱ्या बाजूला गेला. दोन्हीकडे मिळून एकही गोळी झाडली नाही, हे तो पुढे अभिमानाने सांगायचा. डावे आणि उजवे, दोन्ही हुकूमशहांचा त्याला तिटकारा आला होता. १९४०मध्ये त्याने आरासेलीशी लग्न केलं आणि माद्रिदमध्ये एका कळकट हॉटेलाची व्यवस्था बघू लागला.

हिटलर युरोप गिळत सुटला होता. आपण काहीतरी केलं पाहिजे, असं या हॉटेल मॅनेजरच्या मनाने घेतलं. १९४१च्या सुरुवातीला ब्रिटिश वकिलातीत निरोप गेला की आम्ही तुमच्यासाठी हेरगिरी करायला तयार आहोत. कुणी दाद दिली नाही. पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. दुसरा एखादा गप्प बसला असता. पुजोलने उलटा डाव टाकला. आधी जर्मनांचा हेर व्हायचं, म्हणजे इंग्रज आपोआप दारात येतील! कट्टर नाझीभक्त असल्याचा आव आणून त्याने माद्रिदच्या जर्मन हेरखात्याला गाठलं. कामानिमित्त आपण लंडनला जाणार आहोत, अशी बतावणी केली. जर्मनांनी त्याला अदृश्य शाई दिली, सांकेतिक लिपी दिली, खर्चाला पैसे दिले आणि लंडनला रवाना केलं.

स्वारी पोहोचली ती लिस्बनला. लंडनमध्ये त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. इंग्रजीची तर बोंबच! तरीही ‘लंडनहून’ त्याची पत्रं जर्मनांना जाऊ लागली. भांडवल काय, तर पर्यटकांसाठीचं एक गाइड, इंग्लंडचा नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक आणि लिस्बनच्या वाचनालयातली पुस्तकं-मासिकं. बाकी सगळी कल्पनेची भरारी. चुकाही भन्नाट व्हायच्या. ग्लासगोतली माणसं लिटरभर वाइनसाठी काय वाटेल ते करतील, असं या स्पॅनिश गड्याने लिहून टाकलं. वाइन ही स्पेनची गोष्ट, स्कॉटलंडमध्ये व्हिस्की चालते, हे त्याला कुठून कळणार? खर्चाच्या हिशेबात तर त्याची पुरती भंबेरी उडायची. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड हे कोष्टक काही केल्या डोक्यात शिरेना. रुपये-आणे-पैचे हिशेब घातलेली आपल्याकडची जुनी माणसं त्याचं दुःख समजू शकतील. पुजोलने नामी तोड काढली. रकमा लिहायच्या, बेरीज करायचीच नाही!

आणि जर्मनांनी हे सगळं गिळलं. लिव्हरपूलहून माल्टाकडे जहाजांचा मोठा ताफा निघाल्याची थाप त्याने ठोकली, तेव्हा जर्मनांनी त्या नसलेल्या ताफ्याचा समुद्रभर शोध घेतला. जर्मनांचे सांकेतिक संदेश ब्रिटन चोरून वाचत होतं. ते वाचून तिथले अधिकारी चक्रावले. आपल्या देशात बसलेला हा हेर आहे तरी कोण, आणि तो इतकं धडधडीत खोटं का सांगतो?

हे कोडं सुटलं त्यात आरासेलीचा वाटा मोठा आहे. नवऱ्याला इंग्रजांनी उभं केलं नाही, तेव्हा तिनेच लिस्बनमधल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची गाठ घेऊन विषय काढला. त्या अधिकाऱ्याने इंग्रजांना कळवलं. एप्रिल १९४२मध्ये पुजोल खरोखरच लंडनला पोहोचला. मागोमाग आरासेली आणि तान्हा मुलगाही आले. म्हणजे जी बाई पुढे सगळं उधळून लावायला निघाली, तिनेच हे दार उघडून दिलं होतं!

सत्तावीस माणसं, एकही खरा नाही

लंडनमध्ये एमआय फाइव्ह या खात्याने त्याची गाठ टॉमस हॅरिसशी घालून दिली. हॅरिस चित्रकार, कलावस्तूंचा व्यापारी, आई स्पॅनिश. दोघांचं मेतकूट असं जमलं की बोलायची सोय नाही. पुजोल अभिनयात इतका पारंगत, की हॉलिवूडच्या ग्रेटा गार्बोवरून त्याचं सांकेतिक नाव ‘गार्बो’ ठेवण्यात आलं. दोघांनी मिळून ३१५ पत्रं लिहिली, एकेक सरासरी दोन हजार शब्दांचं. साध्या पत्राच्या दोन ओळींमध्ये अदृश्य शाईचा मजकूर. हाताखाली २७ हेरांचं जाळं उभं केलं, आणि त्यातला एकही माणूस अस्तित्वात नव्हता. प्रत्येकाला स्वभाव होता, सवयी होत्या, पगार होता. ग्लासगोत व्हेनेझुएलाचा एक विद्यार्थी होता, जिब्राल्टरचा एक वेटर होता. ब्रायटनला नाझींनी भारलेला एक हिंदुस्थानी गृहस्थसुद्धा होता! त्याची प्रेयसी नौदलाच्या महिला दलात होती आणि कथेच्या सोयीसाठी तिची बदली सिलोनला करण्यात आली. एखाद्या मालिकेच्या लेखकाने पात्रं रचावीत तसा हा कारभार.

नोव्हेंबर १९४२मध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरणार होतं. त्यासाठी लिव्हरपूलला गोळा होणारा ताफा तिथल्या ‘हेरा’ला दिसायलाच हवा होता. नाही दिसला तर जर्मनांना संशय येणार. मग त्या बिचाऱ्याला ऐनवेळी आजारी पाडलं आणि शेवटी मारून टाकलं. स्थानिक वर्तमानपत्रात त्याच्या निधनाची बातमीही छापून आणली. जर्मन इतके हळहळले, की त्यांनी त्याच्या ‘विधवे’ला पेन्शन सुरू केलं. आता बोला! त्याच वेळी दुसऱ्या एका पत्रातून गार्बोने ताफ्याची खरी बातमीही दिली. पोस्टाचा शिक्का हल्ल्याआधीचा, पण पत्र पोहोचलं हल्ला झाल्यावर. जर्मनांनी उलट त्याचं कौतुकच केलं. संपूर्ण युद्धात या जाळ्यावर त्यांनी सुमारे ३ लाख ४० हजार डॉलर उधळले. इंग्रजांच्या हेरगिरीचा हा खर्च परस्पर हिटलरच्या तिजोरीतून भागत होता.

टूथब्रश आणि पायजमा

आरासेलीच्या धमकीने धोक्यात आलं होतं ते हे सगळं. साहेब लोक तिला कसं आवरावं या विवंचनेत पडले. तोडगा काढला तो खुद्द नवऱ्याने, आणि तोडगा कसला, आणखी एक बनाव!

आरासेलीला कळवण्यात आलं की तुझ्या धमकीवरून तुझ्या नवऱ्याची वरिष्ठांशी खडाजंगी झाली, त्याचा तोल गेला आणि त्याला अटक झाली आहे. पोलीस दारात आले. त्यांच्या हाती नवऱ्याची चिठ्ठी होती. तुरुंगात लागणार म्हणून टूथब्रश आणि पायजमा पाठव, असं त्यात लिहिलं होतं. आरासेली कोसळली. तिने रडत हॅरिसला फोन केला, माझा नवरा तुमच्याशी कधीच बेइमान झालेला नाही, अशी ग्वाही दिली. पण हॅरिस बधला नाही, कारण त्यालाही नाटकातलं पात्र वठवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून तिला एका गुप्त तुरुंगात नेलं. पकडलेल्या शत्रूच्या हेरांची उलटतपासणी जिथे व्हायची, तोच हा ‘कॅम्प ०२०’. समोर नवऱ्याला आणलं. अंगावर कैद्याचे कपडे, दाढीचे खुंट वाढलेले. तू वकिलातीत गेली होतीस का, असं त्याने तिला विचारलं. आपण गेलो नाही, कधी जाणारही नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. तिच्याकडून लेखी कबुलीही घेण्यात आली. वर एका अधिकाऱ्याने दरडावलं, की तुझं नाव पुन्हा कानावर आलं तर सरळ कोठडी! मान खाली घालून ती घरी परतली. दोन-चार दिवसांत नवरा ‘सुटला’, जाळ्याचं काम पूर्ववत सुरू झालं.

हेरखात्याच्या फायलीत याची नोंद यशस्वी कामगिरी म्हणून झाली. २०१६मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या फायली खुल्या केल्या. त्या वाचताना साहेबांची चतुराई जाणवते, पण एका एकाकी बाईचे त्यात किती हाल झाले, याचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही. मदतीला माणूस द्यावा, चार स्पॅनिश बायकांशी गाठ घालून द्यावी, असं कुणाला सुचलं असतं तर? अर्थात तिच्या एका शब्दावर हजारो सैनिकांचे जीव टांगलेले होते, हेही तितकंच खरं.

कारण वर्षभरातच तो दिवस उजाडला. ६ जून १९४४. दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरणार होतं, पण जर्मनांना वाटायला हवं होतं की खरा हल्ला कॅलेवर होणार. इंग्लंडहून खाडी ओलांडायला तेच सर्वांत जवळचं ठिकाण. त्यासाठी आग्नेय इंग्लंडमध्ये जनरल पॅटनच्या नावाने एक सैन्य ‘उभं’ करण्यात आलं. त्यात रबरी रणगाडे होते, खोट्या होड्या होत्या. त्या सैन्याच्या खबरा देण्यात गार्बो आघाडीवर होता. जानेवारीपासून पाचशेवर बिनतारी संदेश गेले. हल्ल्याच्या पहाटे तीन वाजता तर त्याने खरीच बातमी द्यायचं ठरवलं होतं. उशीर इतका, की तिचा उपयोग शून्य, पण विश्वास दुप्पट! गंमत म्हणजे माद्रिदचा जर्मन ऑपरेटर तेव्हा जागेवरच नव्हता. सकाळी संपर्क झाल्यावर गार्बोने त्यांची अशी खरडपट्टी काढली की जर्मनांनी माफी मागायची वेळ आली.

तीन दिवसांनी, ९ जूनच्या मध्यरात्री त्याने हुकमाचा एक्का टाकला. दोन तास चाललेल्या संदेशाचा सारांश एवढाच, की नॉर्मंडी ही नुसती हूल आहे, पॅटनचं सैन्य अजून जागचं हललेलं नाही, खरा घाव कॅलेवर बसणार. हा संदेश थेट बर्लिनपर्यंत गेला. नॉर्मंडीकडे निघालेलं एसएस चिलखती दल थांबवण्यात आलं. जुलै-ऑगस्टमध्येही दोन चिलखती आणि १९ पायदळ डिव्हिजन कॅलेच्या बाजूला न आलेल्या सैन्याची वाट बघत बसून होत्या. हे श्रेय एकट्या गार्बोचं नाही. इतर दुहेरी हेर, विमानदल, संदेश फोडणारे तज्ज्ञ असे अनेक हात त्यामागे होते. पण शेवटचा धक्का त्याचा.

जर्मनांना कधीच पत्ता लागला नाही. जुलैअखेर त्यांनी त्याला ‘आयर्न क्रॉस’ जाहीर केला, जो सहसा आघाडीवरच्या सैनिकालाच मिळायचा. त्याच वर्षी ब्रिटनच्या राजाने ‘एमबीई’ दिला. एकाच युद्धात दोन्ही बाजूंची पदकं!

युद्ध संपलं, पण नाटक संपलं नाही. सूड घ्यायला कुणी नाझी मागे लागेल, अशी पुजोलला धास्ती होती. एमआय फाइव्हकडून मिळालेले १५ हजार पौंड घेऊन तो व्हेनेझुएलाला गेला. आरासेली मुलांना घेऊन स्पेनला परतली. लग्न तिथेच मोडलं. मग १९४९मध्ये बातमी आली, की पुजोल आफ्रिकेत अंगोलात मलेरियाने वारला. ही बातमी हॅरिसच्या मदतीने त्याने स्वतःच पसरवली होती. लिव्हरपूलच्या त्या कल्पित हेराला मारताना वापरलेली युक्ती त्याने आता स्वतःवर वापरली, आणि या वेळी खोट्या बातमीवर विश्वास ठेवणारी होती त्याची स्वतःची बायको-मुलं.

आरासेलीने १९५८मध्ये एका अमेरिकन गृहस्थाशी लग्न करून माद्रिदमध्ये नवा संसार थाटला. तिकडे व्हेनेझुएलात पुजोलने पुस्तकांचं आणि भेटवस्तूंचं दुकान काढलं, दुसरं लग्न केलं, त्यालाही मुलं झाली. हॅरिस १९६४मध्ये मोटार अपघातात गेला.

पण नायजेल वेस्ट हे टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या एका ब्रिटिश लेखकाला काही स्वस्थ बसवेना. हेरखात्याच्या निवृत्त मंडळींना खोदून खोदून त्याने गार्बोचं खरं नाव मिळवलं. मग बार्सिलोनाच्या टेलिफोन डिरेक्टरीतल्या गार्सियांना एकामागून एक फोन लावण्यात आले. शेवटी एक पुतण्या सापडला. मे १९८४मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एक टक्कल पडलेला, ठेंगणा म्हातारा वेस्टसमोर येऊन उभा राहिला. बकिंगहॅम राजवाड्यात त्याचा सन्मान झाला. त्या ६ जूनला, नॉर्मंडीच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, तो तिथल्या किनाऱ्यावरच्या सैनिकांच्या कबरींपाशी गेला.

त्यानंतर तो स्पेनला गेला. पस्तीस वर्षं ज्याला मेलेला समजत होती, तो बाप मुलांना जिवंत भेटला. तोवर ती चाळिशी गाठलेली, पोराबाळांची झाली होती. पुजोल १९८८मध्ये काराकासला वारला, आरासेली १९९०मध्ये माद्रिदला.