दारिद्र्यांतील दशमांश

दानाची महती सांगण्यासाठीं आपल्याकडे कोणा उपदेशकाची गरज नाहीं. दारीं आलेल्यास विन्मुख दवडूं नये, हें आपल्या घरांतील मूल जाणतें होण्याच्या आधींच शिकतें. परंतु ज्या घरांत महिनाअखेरीस पिठाचा डबा खरवडावा लागतो त्या घरानें दान करावें कीं नाहीं, आणि करावयाचें तर किती, हा प्रश्न चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटतो. ख्रिस्ती समाजांत मात्र तो आंकड्याच्या रूपानें समोर येऊन उभा राहतो. कारण तेथें दानास एक ठरलेलें माप आहे. मिळकतीचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, देवाच्या कार्यास द्यावा, अशी शिकवण त्यांच्यांतील अनेक पंथ आजही देतात.

हिशेब वरवर पाहतां समान दिसतो. दहा हजार मिळविणाऱ्यानें एक हजार द्यावे, लाख मिळविणाऱ्यानें दहा हजार. पण पहिल्याच्या हजारांत मुलांची फी किंवा म्हाताऱ्या आईचें औषध असतें. दुसऱ्याच्या दहा हजारांनीं बहुधा शिल्लक तेवढी घटते. अपूर्णांक एकच, ओझें निराळें. मग भाविक पण गांजलेल्या ख्रिस्ती कुटुंबानें काय करावें? हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं, असें आम्हांस वाटतें. कारण धर्मबुद्धि आणि संसार यांची ओढाताण सर्व धर्मांच्या चुलींपुढें सारखीच चालते.

प्रथम मूळ ग्रंथाकडे पाहूं. अब्राहामानें लढाईंतील लुटीचा दशमांश शालेमचा राजा व याजक मलकीसदेक यास दिला, अशी कथा बायबलांत आहे. पुढें मोशेच्या नियमशास्त्रांत या प्रथेस कायद्याचें रूप आलें. हा दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा असे. म्हणजे ज्यास शेत वा कळप आहे त्याच्यावरच तो मुख्यतः पडे. कळप काठीखालून जात असतां दर दहावें जनावर देवाचें म्हणून मोजीत. ज्याच्याजवळ नऊच मेंढरें त्याच्याकडे दहावें येणार कोठून? त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ‘अनुवाद’ नांवाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायांत दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गांवांतच सांठवून तो वतन नसलेल्या लेवीयांस, परदेशीयांस, पोरक्यांस आणि विधवांस पोटभर खाऊं द्यावा, अशी आज्ञा आहे. अर्थात् त्या वर्षीं गरीब मनुष्य हा देणारा नसून घेणारा आहे. अर्पणांच्या बाबतींतही हाच विवेक दिसतो. ज्यास कोंकरूं परवडत नाहीं त्यानें पक्ष्यांची जोडी आणावी. पापार्पणांत तर तेंही न जमल्यास थोडें पीठ चालतें. येशूच्या जन्मानंतर मरीयेनें मंदिरांत जें अर्पण नेलें तें पक्ष्यांच्या जोडीचें, म्हणजे गरिबाचें होतें, असें लूकच्या शुभवर्तमानावरून दिसतें.

गरिबाच्या दानाविषयीं बोलतांना ख्रिस्ती उपदेशक बहुधा विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट सांगतात. मंदिराच्या भांडारांत श्रीमंतांनीं पुष्कळ टाकलें आणि तिनें दोनच दमड्या टाकल्या. पण ती तिची सारी उपजीविका होती, म्हणून तिचें दान सर्वांहून मोठें, असें येशूनें शिष्यांस सांगितलें. गोष्ट हृदयास भिडणारी खरी. पण तिच्या लगेच आधींचा मजकूर लक्षपूर्वक वाचणारे थोडे. त्यांत येशूनें लांब झगे घालून मिरविणाऱ्या आणि विधवांचीं घरें गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा कडक निषेध केला आहे. दोन्ही भाग एकत्र वाचले म्हणजे विधवेची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं; मात्र तिची शेवटची दमडी ज्या पेटींत पडली त्या पेटीच्या राखणदारांवर केवढी जबाबदारी येते, हें ध्यानीं येतें. देवास वाहिलें असें म्हणून आईबापांचें पोषण टाळणाऱ्यांसही येशूनें दोष दिला आहे. स्वतःच्या कुटुंबाची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असें तीमथ्यास लिहिलेल्या पत्रांत म्हटलें आहे. आणि पौलानें करिंथ येथील मंडळीस असें कळविलें कीं, मनुष्याजवळ जें आहे त्यावरून त्याचें दान मोजावें, जें नाहीं त्यावरून नव्हे.

ग्रंथांतील हा विवेक सत्तेच्या हातीं गेल्यावर टिकला नाहीं. इ. स. ५८५ मध्यें आजच्या फ्रान्समधील माकाँ येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें दशमांश न देणाऱ्यास बहिष्काराचा धाक घातला, आणि ७७९ मध्यें शार्लमेन राजानें तो राजाज्ञेनें सक्तीचा केला. दानाचा असा कर झाल्यावर काय घडतें हें पाहावयाचें असल्यास आयर्लंडचा इतिहास वाचावा. तेथील बहुसंख्य कुळें कॅथलिक. पण त्यांस दशमांश भरावा लागे तो राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चला. १८३० नंतर या कराविरुद्ध उघड प्रतिकार सुरू झाला. १८३४ च्या डिसेंबरांत कॉर्क परगण्यांतील रॅथकॉर्मॅक गांवानजीक एका विधवेकडील ४० शिलिंगांच्या थकबाकीच्या वसुलीसाठीं सैन्य गेलें, गोळीबार झाला, आणि किमान बारा माणसें प्राणांस मुकलीं. ज्या धर्मग्रंथानें दशमांशांत विधवेचा वांटा ठेवला त्याच ग्रंथाचें नांव घेऊन विधवेच्या अंगणांत बंदुका आल्या! पुढें १८३८ च्या कायद्यानें ही वसुली कुळांकडून थेट न घेतां जमीनदारांवर टाकण्यांत आली, आणि १८६९ च्या कायद्यानें त्या चर्चची राजमान्यताच संपुष्टांत आणली.

आज बहुतेक ठिकाणीं दशमांश हा स्वेच्छेचा भाग आहे. तथापि सक्ती गेली म्हणून दडपण गेलें असें नव्हे. जेथें देणाऱ्यांचीं नांवें आणि रकमा सर्वांसमक्ष वाचल्या जातात तेथें गरिबास आपल्या लहानशा आंकड्याची लाज वाटल्यावांचून राहत नाहीं. जेथें उपदेशक ‘आज द्या म्हणजे देव दसपट परत करील’ असें सांगतो तेथें कर्ज काढूनही देणारे भेटतात, आणि दसपट आलें नाहीं म्हणजे आपलीच श्रद्धा उणी पडली असें मानून कष्टी होतात. दानास सोडतीच्या तिकिटाची कळा येते ती अशी.

मग गरिबानें देऊंच नये काय? तसेंही आम्ही म्हणणार नाहीं. देण्याचा अधिकार श्रीमंतांपुरता राखून ठेवणें हाही गरिबाचा अपमानच होय. केवळ घेणारा म्हणून जगण्यांत मनुष्याची मान खालीं जाते. थोडें कां होईना, आपणही दिलें, या समाधानानें ती वर येते. हें समाधान घर न बुडवितां कसें लाभावें, याचें एक उत्तम उदाहरण आपल्याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत, मिझोरमांत आहे.

हा डोंगराळ प्रदेश पूर्वीं लुशाई टेंकड्या म्हणून ओळखला जाई. १८९४ सालीं लॉरेन व सॅव्हिज हे मिशनरी तेथें पोहोंचले. मागाहून वेल्समधील प्रेस्बिटेरियन मिशनचें काम सुरू झालें. लोक डोंगरउतारावर जंगल जाळून भात पिकविणारे. रोख पैसा हातीं क्वचितच येई. अशा लोकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, दशमांश द्यावा कशांतून? १९१० मध्यें ऐजॉल येथील मिशन वेंग या वस्तींतील स्त्रियांनीं यावर एक साधा तोडगा काढला. प्रत्येक वेळीं भात शिजवितांना काढलेल्या तांदुळांतून एक मूठ निराळ्या भांड्यांत ठेवावयाची. हे तांदूळ स्त्रियाच घरोघर फिरून गोळा करीत, ते विकले जात, आणि आलेला पैसा धर्मकार्यास लागे. या चालीस तेथें ‘बुहफाइ थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, असें म्हणतात.

ही चाल सुरू होऊन फार दिवस लोटले नाहींत तोंच १९११-१२ चा दुष्काळ ओढवला. त्या भागांत सुमारें ४८ वर्षांनीं बांबूच्या एका जातीस सर्वत्र एकदम फुलोरा येतो. त्याचीं फळें खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, आणि फळें संपलीं कीं शेतांतील व कणगींतील भातावर तुटून पडतात. या संकटास तेथील भाषेंत ‘मौताम’ म्हणतात. १९५९ मध्यें तें पुन्हां आलें, आणि २००६ ते २००८ या काळांत तिसऱ्यांदा. तरीही मुठीची चाल मोडली नाहीं. आज ऐजॉलच्या गॅसच्या शेगडीपुढेंही ती पाळली जाते, आणि या मुठींतून वर्षाकाठीं कोट्यवधि रुपये उभे राहतात. दशमांश देण्याची रीतही मिझो मंडळींत दृढ आहे. पण ज्याच्यापाशीं पगार नाहीं त्यासही मूठ देतां येते.

या टिकाऊपणाचें कारण, आमच्या मतें, मुठीच्या स्वभावांतच आहे. मूठ ही शिजणाऱ्या अन्नांतून निघते, न मिळालेल्या वेतनांतून नव्हे. ज्या दिवशीं चूल पेटत नाहीं त्या दिवशीं मुठीचा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि तिची बाकीही मागें उरत नाहीं. एका घरची मूठ दुसऱ्या घरच्या मुठीशीं मिसळली कीं कोणाची मोठी आणि कोणाची लहान हें ओळखूं येत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मूठ काढणारा हात घरांतील गृहिणीचा असतो. कणगीचा तळ किती जवळ आला आहे हें तिच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

या शेवटच्या मुद्द्याचें मोल मराठी वाचकांस निराळें पटवावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस रेव्हरंड टिळकांचा उदार, पैशाविषयीं बेफिकीर हात आठवेल, आणि त्या औदार्याचा जमाखर्च घरीं जुळवितां जुळवितां लक्ष्मीबाईंची झालेली तारांबळही आठवेल. पुरुषानें बाहेर दिलेल्या शब्दाची किंमत स्वयंपाकघरांत भरली जाते. म्हणून दान किती करावें हें घरांतील कर्त्या स्त्रीस विचारल्याखेरीज ठरवूं नये, हा नियम ख्रिस्ती घरास जितका लागू तितकाच आपल्या घरासही.

मुठीची ही कल्पना आपल्यासही नवी नाहीं. मुष्टिभिक्षेवर व माधुकरीवर शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या कथा आपल्या घरोघर सांगितल्या जातात. पोर्तुगीज अमदानींत पणजी येथें मराठी शिक्षणासाठीं निघालेल्या संस्थेनें तर ‘मुष्टिफंड’ हेंच नांव धारण केलें.

तेव्हां अडचणींत असलेल्या ख्रिस्ती कुटुंबास कोणी आमचा सल्ला विचारलाच, तर तो थोडक्यांत असा. मुलांचें अन्न, वडील माणसांचें औषध आणि सावकाराचें देणें हें आधीं; त्यास अधर्म समजूं नये. कर्ज काढून दान करूं नये. जें उरेल त्यांतून, तें दहाव्या हिश्श्याहून कमी असलें तरी, आनंदानें द्यावें. पैसा नसेल तर आजाऱ्याजवळ बसावें, शेजारच्या मुलास शिकवावें. आणि ज्या मंडळीस आपण इतकीं वर्षें देत आलों तिच्याकडे संकटकाळीं मदत मागण्यास लाजूं नये. तिसऱ्या वर्षाचा दशमांश मुळांत अशांसाठींच होता. धर्मसंस्थांच्या चालकांस मात्र एवढेंच सांगणें आहे कीं, दान मोजतांना कोणी किती दिलें हें पाहण्याआधीं, देणाऱ्याच्या घरीं त्या दिवशीं काय शिजलें, याची त्यांनीं एकदां चौकशी करावी.